संगीत पंपावरचे तिघे : सबटायटलच्या कामाच्या नोंदी

४ जुलै

काम अंगावर घेतलं. आमच्या जुन्या सिनेमांच्या गटाचा सप्टेंबरचा खेळ ठरला : 'दी द्राय फॉन देअर टांकश्टेल', १९३०, जर्मन. मराठी सबटायटल मी करायची. खेळाची तारीख १५ सप्टेंबर, कारण १९३० साली त्याच तारखेला बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्ट चित्रगृहात या बोलपटाचा पहिला खेळ झाला होता. ही तारीख मीच हौसेनं सुचवली आणि आता बोटांवर आठवडे मोजतेय. दहा आहेत.

हक्क आणि परवानगीचं बघायला गटातले एक काका आहेत. भाषेसाठी बाई आहेत. त्यांनी मला पुण्यात जर्मन शिकवलं, आता निवृत्त आहेत आणि चुका काढायला मोकळ्या आहेत. तांत्रिक बाजूला गटातला सर्वांत धाकटा मुलगा. तो मला ताई म्हणतो आणि माझ्या लॅपटॉपकडे दयेनं बघतो.

कथा थोडक्यात लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर हेच पाठवता येईल. व्हिली, कुर्ट आणि हान्स हे तीन मित्र मोटारीतून गात-बागडत घरी येतात, तर घरात बेलीफ जप्ती घेऊन उभा. बँक बुडालेली, हे कफल्लक. मोटार तेवढी उरते, तीही रस्त्यात पेट्रोलवाचून थांबते. तिथंच सुचतं की गाडी विकावी आणि पंप काढावा. तिघं पाळ्यांनी काम करतात. लिलियन नावाची श्रीमंत मुलगी पेट्रोल भरायला येते, प्रत्येकाच्या पाळीत येते, आणि तिघंही एकमेकांना न सांगता तिच्या प्रेमात पडतात. पुढचं सगळं या 'न सांगता'मधून निघतं.

६ जुलै

आजचा अख्खा दिवस गणितात गेला. खेळासाठीची प्रत सुमारे ९९ मिनिटांची आहे. अभ्यासाला म्हणून माझ्याकडे इंग्रजी सबटायटलची जी जुनी प्रत आहे ती ९५ मिनिटांची. मला वाटलं काहीतरी कापलंय. दोन तास दोन्ही प्रती शेजारी लावून बघितल्या, एक शॉट कमी नाही.

मुलाने येऊन दोन मिनिटांत सांगितलं : "ताई, ही पाल प्रत आहे." युरोपातल्या टीव्हीचा वेग सेकंदाला २५ चौकटींचा, सिनेमा २४ चौकटींचा. टीव्हीसाठी उतरवताना सिनेमा सरळ २५ नं पळवायचे, म्हणजे चार टक्के लवकर संपतो. ९९ चे ९५ होतात ते असे. वेळा तशाच उचलल्या असत्या तर तासाभराच्या सिनेमानंतर सबटायटल दोन मिनिटं चोवीस सेकंद आधी आलं असतं. विनोदी चित्रपटात लोक विनोदाआधी हसले असते.

आवाजही वर चढतो, हार्मोनियमच्या जवळजवळ पाऊण पट्टीने. या चढ्या प्रतीवर मी लिलियन हार्वीचा आवाज वर्षानुवर्षं ऐकलाय आणि तो तसाच किनरा आहे असं धरून चाललेय. मूळ वेगात ती बरीच कमी चिवचिवते.

७ जुलै

नियम ठरले. जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत सहा-सात शब्द, सव्वा सेकंदाहून कमी काही नाही. सॉफ्टवेअर अक्षरांची जी मर्यादा दाखवतं तिच्यावर मराठीत विश्वास ठेवायचा नाही. 'मित्र' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा, पण संगणक म, वेलांटी, त, हलन्त, र असे पाच मोजतो. त्यामुळे निम्म्या ओळी लाल दिसतात. लाल दिसू देत.

१० जुलै

नाव. 'टांकश्टेल' म्हणजे पेट्रोल पंप, आणि मराठीत कुणी 'पेट्रोल स्थानक' म्हणत नाही. 'पेट्रोल पंपावरचे तिघे' हे बरोबर पण लांब. आपण बोलताना पेट्रोल गाळतोच. 'पंपावर भेट' म्हटलं की कुठल्या ते कळतं. म्हणून 'पंपावरचे तिघे'.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, पुढे 'संगीत' लाव."

मी हसले, मग लावलं. त्या काळी जर्मनीत या प्रकाराला बोलपट-ऑपेरेटा म्हणत, आणि आपल्याकडे १८८० च्या 'संगीत शाकुंतल'पासून गाण्यांच्या नाटकाच्या नावाआधी 'संगीत' लागतंच आलंय. खरं तर हा एक शब्द जर्मन समीक्षकांच्या पानभर चर्चेचं काम करतो. त्याच ग्लोरिया-पालास्टमध्ये १ एप्रिल १९३० ला 'डेअर ब्लाउअ एंगेल' लागला होता. त्यात नायिका गाते, पण ती रंगमंचावर गाणारी बाईच आहे. गाण्याला कारण आहे. इथे साडेपाच महिन्यांनी तीन माणसं स्वतःच्या दिवाणखान्यात बेलीफाला उद्देशून गातात, हमाल सामान उचलताहेत आणि यांचा नाच चाललाय, आणि असं का, हे कुणीही समजावून सांगत नाही. बोलपट नवा होता; माणूस मध्येच गाऊ लागला तर लोक स्वीकारतील का, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. मराठी प्रेक्षकाला तो पडणारच नाही. किर्लोस्कर मंडळीपासून आपण याच्यावर वाढलोय.

१३ जुलै

पहिली मोठी अडचण : कुकुक.

जर्मनीत जप्तीच्या सामानावर बेलीफ जो शिक्का चिकटवतो त्याला लोक 'कुकुक' म्हणतात, म्हणजे कोकीळ. त्या शिक्क्यावर असायचा सरकारी गरुड. त्याची टिंगल म्हणून कोकीळ. शिवाय 'त्सुम कुकुक' ही सौम्य शिवीही आहे, 'गेलं खड्ड्यात' अशा अर्थाची, सैतानाचं नाव घ्यायचं टाळून. आणि हे तिघं पंपाला नाव देतात तेही कुकुकच. ज्या शिक्क्यानं घर नेलं त्याच्याच नावाचं दुकान. सगळ्या सिनेमाची वृत्ती या एका नावात आहे.

मराठीत कोकिळा म्हटलं की वसंत, आंबराई, लता मंगेशकर. जप्तीशी तिचा दूरान्वयानेही संबंध नाही. इंग्रजी सबटायटलमध्ये नुसतं पक्ष्याचं नाव ठेवलंय आणि विनोद मेलाय.

बाईंची सूचना : 'टाच'. मालमत्तेवर टाच येते, घोड्यालाही टाच मारतात, आणि मोटारीला... शब्द म्हणून उत्तम आहे. पण कानाला 'कुकुक' ऐकू येणार, तेही ठळक, आणि डोळ्याला 'टाच' दिसणार. प्रेक्षक जर्मन न जाणणारा असला तरी पक्ष्याचा आवाज त्याला कळतो.

आज इथेच थांबले.

१४ जुलै

सापडलं. 'पाखरू'.

बेलीफ शिक्का लावतो तिथे : 'जप्तीचं पाखरू बसलं!' सरकारी गरुडाला पाखरू म्हणण्यात टिंगल आपोआप येते. पुढे पंपाचं नाव 'पाखरू पेट्रोल पंप'. आणि मग त्या पंपावर गाडी चालवत एक मुलगी येते! मराठीत 'पाखरू' आणखी कशाला म्हणतात ते सांगायला नको. मूळ जर्मनमध्ये हा तिसरा अर्थ नाही. तो मी फुकट मिळालेला धरते. शिवी मात्र गेली. बाईंना वाचून दाखवलं तर पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "चावट आहे. ठेव."

१९ जुलै

तू आणि तुम्ही. या कामाचं मराठीत करण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक इथेच आहे.

जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी', आपल्यासारखंच. इंग्रजीत एकच शब्द, म्हणून इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्याला हा सिनेमा अर्धा ऐकू येतो. परक्या बाईशी 'झी'त बोलणारा माणूस गाणं सुरू होताच 'डू'वर घसरतो. 'हालो, डू झ्यूस अ फ्राउ' या गाण्याच्या नावातच ते आहे : अहो नाही, अगं! 'लीबलिंग, माइन हेर्त्स लेस्ट डिश ग्र्यूसन'मध्ये हृदय नमस्कार पाठवतंय तेही 'तुला'. जे बोलून म्हणायची सोय नाही ते गाऊन म्हणायचं. आपल्या नाट्यपदांची हीच तऱ्हा : गद्यात 'आपण', पदात 'तू'.

तेव्हा नियम : जर्मनमध्ये जिथे 'झी' तिथे 'तुम्ही', जिथे 'डू' तिथे 'तू', गाण्यात आणि बोलण्यात सारखाच. मध्ये माझं शहाणपण नको.

पण मराठीची एक खोच आहे. 'डू' दोन्ही बाजूंनी सारखा असतो. १९३० च्या मराठी घरात तसं नव्हतं. तो 'अगं' म्हणायचा, ती 'अहो'. लिलियनच्या तोंडी शेवटपर्यंत 'तुम्ही' ठेवलं तर ती एकदम आपल्या जुन्या बोलपटांतली सोज्ज्वळ पत्नी होईल. आणि ती तर स्वतःची गाडी स्वतः चालवत येते, तिघांना खेळवते, शेवटी नवऱ्याची सही त्याच्या नकळत घेते. तिला 'तू'च शोभतं. दोघं एकदमच 'तू'वर येणार.

काका म्हणाले, "आमच्या आईनं वडिलांना कधी 'तू' म्हटलं नाही हो." मी म्हटलं, काका, तुमची आई बर्लिनची नव्हती. त्यावर म्हणाले, "नाही, चिपळूणची. पण स्वभाव तसाच."

२० जुलै

बेलीफाच्या गाण्यात 'लीबर गूटर हेर' म्हणून सुरुवात. 'प्रिय चांगले श्री. बेलीफ' असं माझ्या पहिल्या खर्ड्यात आहे, लाज वाटते. आज झालं : 'बेलीफसाहेब, मायबाप!'

२५ जुलै

मोठं गाणं. 'आइन फ्रॉइंट, आइन गूटर फ्रॉइंट'. अजून जर्मनीत हे न ऐकलेला माणूस मिळायचा नाही. शब्द रोबर्ट गिल्बर्टचे, चाल व्हेर्नर रिशार्ड हायमनची. पावलाला लागणारी चाल आहे. मोटार चालवताना गायलेली आहे म्हणून चाकालाही.

मी यमकाच्या मागे लागले आणि हे झालं : 'मित्र हवा, सच्चा मित्र / जगी न काही असे पवित्र.' बाईंचा फोन लगेच आला. "पवित्र कुठून आलं गं? मुलं मोटारीत बसून उनाडताहेत. तू त्यांना देवळात नेलंस."

खरं आहे. 'मित्र'ला मराठीत यमक म्हणजे पवित्र, चित्र, विचित्र. तिन्ही सापळे. यमक सोडलं. आशय असा की जगात मित्राहून चांगलं काही नाही, आणि सगळं जग कोसळलं तरी मित्र मित्रच राहतो. दुसऱ्या भागाला मराठीत तयार घाट आहे : 'जग कोसळलं तरी मित्र तो मित्रच.' चालीवर म्हणून बघितलं, पाऊल पडतं.

गिल्बर्टबद्दल आणखी एक, कारण तो माझ्याच धंद्यातला निघाला. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर त्याला जर्मनी सोडावी लागली. आधी व्हिएन्ना, मग अमेरिका. युद्धानंतर युरोपात परतून त्याने अमेरिकन संगीतिकांची जर्मन रूपांतरं केली. १९६१ साली बर्लिनमध्ये आलेली जर्मन 'माय फेअर लेडी' त्याची, आणि त्यातल्या लंडनच्या फुलवालीला त्याने अस्सल बर्लिनी बोली दिली. आपल्याकडे त्याच मूळ नाटकातली फुलवाली १९७५ साली पु. ल. देशपांड्यांकडून 'ती फुलराणी' होऊन आली, मराठी बोलींचा फरक घेऊन. एकाच मुलीला दोन शहरांत दोघांनी आपापल्या गल्लीची भाषा शिकवली आणि मग ती विसरायला लावली. हे मला माहीत असतं तर मी 'पवित्र'वर चार दिवस घालवले नसते. गिल्बर्टनं काय केलं असतं ते विचारलं असतं.

२९ जुलै

'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या' फुटताहेत.

सबटायटल चित्रावर पक्की छापून बघितली तर ऱ्य तुटून र, खाली पाय, मग य असं दिसतंय. आणि सिनेमा पाळ्यांचा! पहिली पाळी, दुसऱ्या पाळीत, तिसऱ्या पाळीवाला. ज्या शब्दाशिवाय गत्यंतर नाही तोच फुटतो. मुलाने फॉन्ट बदलून मुक्ता घातला, ठीक झालं. त्याच्या मते आधीच्या फॉन्टला दोष नाही, मी दोन फाइलींत ऱ दोन तऱ्हांनी टाइप केलाय : एकीकडे एकसंध, दुसरीकडे जोडकाम करून. बरोबर आहे. एका फाइलीत फोनवरून लिहिलं होतं.

२ ऑगस्ट

आज काम कमी, वाचन जास्त. ते इथे लिहून ठेवते कारण कालपासून माझ्या ओळी जड व्हायला लागल्यात आणि त्याचं कारण हे वाचन आहे.

पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी, १४ सप्टेंबर १९३० ला, जर्मनीत निवडणूक झाली. नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. म्हणजे १५ तारखेला ग्लोरिया-पालास्टमध्ये शिरणाऱ्या माणसाच्या हातात निकालाची बातमी होती, आणि पडद्यावर बँक बुडालेले तिघं नाचत होते. तो सिनेमा त्या हंगामात जर्मनीत सर्वांत जास्त चालला.

बनवणारे कोण? निर्माता एरिश पॉमर, ऊफा कंपनीचा. १९३३ ला बाहेर. दिग्दर्शक व्हिल्हेल्म टीले, व्हिएन्नाचा. हॉलिवूडला गेला आणि १९४३ साली त्याने एक टारझनपट केला, ज्यात टारझन जंगलात नाझींशी लढतो. संगीतकार हायमन, पॅरिस, मग हॉलिवूड. कॅमेरामन फ्रान्त्स प्लानर. पुढे 'रोमन हॉलिडे'च्या दोन छायालेखकांपैकी एक. कुर्टचं काम करणारा ओस्कार कार्लवाइस, न्यूयॉर्क. बेलीफ झालेला फेलिक्स ब्रेसार्ट, हॉलिवूड. ब्रेसार्ट आणि हायमन पुढे लुबिचच्या 'निनोच्का'मध्ये (१९३९) आणि 'टू बी ऑर नॉट टू बी'मध्ये (१९४२) पुन्हा एकत्र आले. त्या दुसऱ्यात ब्रेसार्ट एक दुय्यम नट आहे, ज्याला जन्मभर शायलॉकचं (शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्यू सावकाराचं) भाषण म्हणायचंय, आणि तो ते म्हणतो कुठे तर नाझी सैनिकांसमोर. इथला रडव्या चेहऱ्याचा बेलीफ बघताना मला तो सारखा दिसतो.

आणि कुर्ट गेरोन. वकील डॉ. काल्मुस. अवाढव्य माणूस, हलकी पावलं. १९२८ साली ब्रेश्टच्या 'थ्री पेनी ऑपेरा'च्या पहिल्या प्रयोगात मॅकीचं गाणं त्यानेच म्हटलं होतं. तो फ्रान्सला गेला, तिथून हॉलंड. पुढे टेरेझिनच्या छळछावणीत त्याच्याकडून छावणी किती छान आहे असा खोटा माहितीपट दिग्दर्शित करवून घेतला गेला, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशविट्झला पाठवून त्याला मारलं.

व्हिली फ्रिच आणि हाइन्त्स र्‍यूमान जर्मनीतच राहिले, तारे झाले. लंडनला जन्मलेली हार्वी १९३९ ला देश सोडून गेली. सिनेमावर १९३७ साली बंदी आली.

तर तिघा मित्रांपैकी दोघं राहिले, एक गेला. 'जग कोसळलं तरी.'

३ ऑगस्ट

काल लिहिलेलं परत वाचलं आणि गेरोनचे सगळे प्रसंग पुन्हा तपासले. व्हायचं तेच झालंय. वकिलाच्या साध्या विनोदी बोलण्याला मी कुठे एक 'अखेर', कुठे एक 'शेवटी', कुठे तीन टिंबं लावलीत. त्याने उगाच गंभीर व्हावं म्हणून मी त्याच्या तोंडात शब्द घातलेत. तो १९३० साली एक लठ्ठ वकील हसू येईल अशा रीतीने वठवत होता आणि ते काम त्याला फार चांगलं येत होतं. ते त्याचं काम मला मराठीत आणायचंय. टिंबं सगळी काढली.

८ ऑगस्ट

गटाची बैठक. एक सदस्य म्हणाले, सुरुवातीला काळी पाटी दाखवू, कोण कुठे गेला, कोण मेला. बाकीच्यांना पटत होतं. मी विरोध केला, आवाज जरा चढलाच माझा. ती पाटी वाचून पुढची ९९ मिनिटं कुणी हसणार नाही. सभ्यपणे बसून राहतील. मग हा सिनेमा दाखवायचाच कशाला? त्यापेक्षा एक पान छापू आणि बाहेर पडताना हातात देऊ.

बाई इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "आदल्या दिवशीच्या निवडणुकीचं मात्र आधी सांगा. ते त्यांनाही माहीत होतं." बरोबर. आत येणाऱ्याला जे तेव्हा ठाऊक होतं तेवढं आधी, उरलेलं नंतर. ठरलं.

१६ ऑगस्ट

फ्रेंच भानगड. याच सिनेमाची फ्रेंच आवृत्ती 'ल शमँ द्यू पारादी' तेव्हाच ऊफानेच काढली. डबिंग नव्हे, तेच सेट, तीच गाणी, फ्रेंच नट. व्हिलीच्या जागी आँरी गारा, पण लिलियन हार्वी तीच, कारण तिला इंग्रजी, जर्मन, फ्रेंच तिन्ही येत. तेव्हा आवाज बदलण्याचं तंत्र कच्चं होतं. परदेशी बाजार हवा तर सिनेमाच दुसऱ्यांदा करायचा.

आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. कोल्हापूरला प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' असाच मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे दोन्हीकडे. आणि पुढच्याच वर्षी शांताराम 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला गेले. १९३३ चं जर्मनी. याच सिनेमातली माणसं तेव्हा सामान बांधत होती.

पानावर हे घ्यायचं का? एक ओळ घेईन.

२३ ऑगस्ट

राजीनाम्याचा प्रसंग. व्हिली रागाने राजीनामा सांगतो, टंकलेखनाला लिलियन बसलीय, आणि ती राजीनाम्याच्या जागी लग्नाचा करार टाइप करते. तो न वाचता सही करतो.

मजकूर सरकारी मराठीत करायचा मोह झाला : 'उपरोक्त विषयास अनुसरून'. हशा नक्की. पण ते आपल्या कचेऱ्यांचं आहे, बर्लिनच्या कंपनीचं नाही. मग साधी जुनी पत्रभाषा घेतली, 'आपला विश्वासू' पुरती. करारात 'विश्वासू'चा अर्थ आपसूक बदलतो.

कॉन्सुलचं काय करायचं? लिलियनचे वडील कॉन्सुल कोसमान. 'वाणिज्यदूत' नको. 'कॉन्सुलसाहेब'.

३० ऑगस्ट

पहिला पूर्ण खर्डा. ८१४ सबटायटल. पाठ दुखतेय.

३ सप्टेंबर

घरच्या सहा जणांना बसवून चाचणी. निरीक्षणं :

कुर्ट नावाचं पात्र, ते करणारा ओस्कार. कुर्ट नावाचा नट, तो करतो वकील. शिवाय व्हिली हा व्हिलीच आणि लिलियन ही लिलियनच. श्रेयनामावलीनंतर सगळे गोंधळले. उपाय नाही.

'पाखरू'ला सगळे हसले. 'टाच'ची आठवण मलाही झाली नाही.

माझी मावशी, वय ७९, जर्मन शून्य, म्हणाली, "ती त्याला अरेतुरे करायला लागली ते कधी? मी पाणी प्यायला गेले होते." म्हणजे तिचं लक्ष तिथेच होतं. मला इतका आनंद झाला की मी तेवढा भाग परत लावला.

गाण्यांत दोन ओळी एकदम येऊ नयेत. लोक दुसरी ओळ आधी वाचून टाकतात आणि गाणारा मागे राहतो. एकेक ओळ, सुरावर सुरू, सुरावर बंद. सगळी गाणी पुन्हा बसवायची.

११ सप्टेंबर

गाणी बसली. तीन रात्री गेल्या.

१६ सप्टेंबर

काल खेळ झाला. पाऊस होता तरी खुर्च्या भरल्या, मागे काही उभे. सुरुवातीला काकांनी निवडणुकीचं दोन वाक्यांत सांगितलं. जप्तीच्या नाचाला टाळ्या पडल्या, आणि राजीनाम्याला हशा मला वाटला होता त्याच्या दोन सेकंद आधी आला, कारण करार टाइप होतोय हे लोकांनी लिलियनच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. सबटायटलची वाट बघितली नाही. तिथली एक ओळ काढून टाकता येईल.

शेवटी एक गंमत आहे तिची मला भीती होती. प्रेमिक एकत्र येतात, संपलं असं वाटतं, आणि मग ती दोघं पडद्यापुढे येऊन आपल्याकडे बघतात : लोक अजून बसलेत? जात का नाहीत? कारण काय, तर ऑपेरेटाला साजेसा भव्य शेवट अजून झालेला नाही. मग नाचणाऱ्यांचा ताफा येतो आणि तो होतो.

आमच्याकडे तोवर पुढच्या रांगेतले चौघं-पाच जण उठून छत्र्या शोधत होते. पडद्यावर 'लोक अजून बसलेत!' आलं आणि ते उभे. सगळा हॉल हसला. एक गृहस्थ छत्री हातात धरून तसेच खाली बसले.

पानं दारात बाई वाटत होत्या. बऱ्याच जणांनी घडी घालून खिशात ठेवली. दोघं-तिघं जिन्यातच दिव्याखाली थांबून वाचत होते, मागचे लोक त्यांना वळसा घालून उतरत होते.

राहिलेलं : क्र. ४०२ अर्धा सेकंद उशिरा येतंय. क्र. ६३७ मध्ये 'तुम्ही' राहून गेलंय, तिथे 'डू' आहे. काढून टाकायची ती राजीनाम्याची ओळ. फाइल मुलाकडे द्यायची, आणि ऱ एकदाच तपासायचा.